पंखाखालची वस्ती

आकाशात घिरट्या घालणारी घार सर्वांच्या नजरेस पडते. परंतु सांज झाल्यावर ती कोठे विसावते, हे पाहण्याचे कुतूहल थोड्यांनाच असते. विमानाचेही तसेच आहे. विमानाची घरघर ऐकून मान वर करणारे पुष्कळ. पण दिवसभर उडून आलेले एखादे छोटे विमान गवतावर उभे आहे, त्याच्या पंखाखाली तंबू ठोकला आहे आणि तंबूच्या दाराशी बसून त्याचा वैमानिक कॉफी उकळीत आहे, असे दृश्य आपल्याकडे सहसा पाहावयास मिळत नाही.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, विनिबेगो नावाच्या विस्तीर्ण सरोवराच्या काठी ओशकोश हे शहर आहे. एरवी ते शांत असते. जुलै महिन्याच्या अखेरीस मात्र आठवडाभर तेथे विमानांची जत्रा भरते. या जत्रेच्या निमित्ताने ओशकोश आणि आसपासच्या विमानतळांवर मिळून दहा हजारांहून अधिक विमाने येतात. आलेल्या वैमानिकांपैकी कितीतरी जण शहरात बिऱ्हाड न करता आपल्या विमानाशेजारीच मुक्काम करतात. ओळीने उभी असलेली विमाने आणि त्यांच्या पंखांखाली उभारलेले रंगीबेरंगी तंबू यांचे एक गावच त्या हिरवळीवर वसते.

या जत्रेचा आरंभ अगदी साधेपणाने झाला. पॉल पोबेरेझ्नी नावाच्या वैमानिकाने १९५३ साली मिलवॉकी येथे काही हौशी सोबत्यांना एकत्र करून एक संघटना स्थापन केली. स्वतःच्या हाताने विमान बांधण्याचा छंद असलेली ही मंडळी होती. संघटनेची पहिली कचेरी पोबेरेझ्नी यांच्या घराच्या तळघरात होती. त्याच वर्षी मिलवॉकीच्या एका विमानतळावर पहिला मेळावा भरला. पुढे जागा अपुरी पडू लागली, तेव्हा १९५९ साली मेळावा इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथे गेला आणि १९७० साली ओशकोश येथे येऊन तेथेच स्थिरावला. त्यानंतर केवळ २०२० साली, करोनाच्या साथीमुळे, तो भरू शकला नाही.

घरी विमान बांधणे ही गोष्ट ऐकणाऱ्याला नवलाची वाटते. परंतु ती आपल्या महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवली येथील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले आणि २०१६ साली मुंबईतील एका मोठ्या प्रदर्शनात ते लोकांना पाहावयास मिळाले. ज्याने आपल्या हाताने एकेक खिळा ठोकला आहे, त्याला ते विमान केवळ वाहन वाटत नाही. शेतकरी जसा गोठ्यातील बैलाजवळ निजतो, तसा तो आपल्या विमानाजवळ निजतो.

अशाच एका जुलैत एक गृहस्थ आपल्या बारा वर्षांच्या मुलीसह ओशकोशला निघाले. त्यांचे विमान सेस्ना १७२ या जातीचे, चार आसनांचे आणि एका इंजिनाचे होते. या जातीची विमाने १९५६ सालापासून विक्रीस येऊ लागली आणि आजवर चाळीस हजारांहून अधिक तयार झाली. दुसऱ्या कोणत्याही जातीची इतकी विमाने जगात झालेली नाहीत. हे विमान मुलीच्या वडिलांच्या वयाहूनही जुने होते. तिच्या आजोबांनी ते पैसा पैसा साठवून विकत घेतले होते. आजोबा आता हयात नव्हते. परंतु मेखा ठोकण्याचा त्यांचा लाकडी दांड्याचा हातोडा अजूनही विमानाच्या सामानाच्या खणात असे.

ओशकोशला उतरण्याची रीत मोठी शिस्तीची आहे. बहुतेक छोट्या विमानांनी नैर्ऋत्येकडील रिपन या गावावर यावयाचे आणि तेथून आगगाडीच्या रुळांच्या माथ्यावरून, मुंग्यांच्या रांगेप्रमाणे, एकामागून एक पुढे सरकावयाचे. वेग ठरलेला, उंची ठरलेली, आणि पुढच्या विमानापासून अंतर सुमारे अर्धा मैल. कोणी कोणाला मागे टाकावयाचे नाही. वाटेत फिस्क नावाचे खेडे लागते. तेथे टेकाडावर उभे असलेले अधिकारी दुर्बिणीतून आकाश न्याहाळीत असतात. वैमानिकाने बिनतारी यंत्रावर नुसते ऐकावयाचे असते, बोलावयाचे नसते. सगळेच बोलू लागले, तर कोणाचेच ऐकू येणार नाही!

मुलगी कान टवकारून ऐकत होती. इतक्यात आवाज आला, “पांढऱ्या-निळ्या सेस्ना, पंख हलवा!”

वडिलांनी विमान एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे झुकविले. “छान! पुढे चला,” असे उत्तर आले. त्या हजारो विमानांच्या गर्दीत आपल्याला कोणीतरी ओळखले, याचा मुलीला केवढा आनंद झाला!

धावपट्टीवर मोठमोठे रंगीत ठिपके रंगविलेले होते. कोणी कोणत्या ठिपक्यावर उतरावयाचे, हे मनोऱ्यावरून सांगितले जात होते. त्यामुळे एकाच धावपट्टीवर थोड्या थोड्या अंतराने दोन-तीन विमाने उतरत होती. चाके टेकताच हे विमान बाजूच्या गवतावर वळले. झेंडी घेतलेल्या स्वयंसेवकांनी हातवारे करीत त्याला त्याच्या जागी आणून उभे केले. इंजिन थांबले आणि एकाएकी शांतता झाली. कुरणातील ओल्या गवताचा वास आला.

तंबू उभारण्यापूर्वी एक काम करावयाचे असते, ते म्हणजे विमान बांधणे. उडावयाच्या वस्तूला बांधून ठेवावे लागते, हे मुलीला प्रथम विचित्र वाटे. तेव्हा वडिलांनी तिला समजावून सांगितले होते, “बाळ, विमान धावते तेव्हा पंखांवरून वारा वेगाने जातो आणि त्यामुळे विमान उचलले जाते. पण वारा आपल्या धावण्यामुळे आला की वादळामुळे आला, हे पंखाला कळत नाही. उभ्या विमानावर ताशी नव्वद-शंभर किलोमीटर वेगाने वारा आला, तर पंख आपले काम करू लागतो. मग आत वैमानिक असो वा नसो!”

हे बोलणे अक्षरशः खरे आहे. असे रिकामे विमान सातशे किलोच्या आसपास भरते. म्हणजे ते एखाद्या लहान मोटारीहूनही हलके असते. फ्लॉरिडा राज्यातील लेकलंड येथे अशाच एका मेळाव्यावर ३१ मार्च २०११ रोजी चक्रीवादळ आले, तेव्हा कित्येक विमाने उलथून पडली. शिवाय जे विमान दोर तोडून सुटते, ते एकटे नष्ट होत नाही. ते शेजारच्या विमानावर जाऊन आदळते. म्हणून दावणीला बांधलेल्या गुरांप्रमाणे येथे प्रत्येक विमान तीन ठिकाणी बांधतात. दोन्ही पंखांच्या खाली एकेक आणि शेपटीला एक अशा लोखंडी कड्या असतात. त्यांतून दोर ओवून ते जमिनीत ठोकलेल्या मेखांना जखडतात. मेखा सरळ न ठोकता तिरप्या ठोकतात. कारण सरळ मेख वरच्या ओढीने अलगद निघते, तर वेगवेगळ्या दिशांना तिरप्या ठोकलेल्या मेखा ओढ बसताच जमिनीला अधिकच घट्ट धरतात.

वडिलांनी आजोबांचा हातोडा काढला. उजवा पंख आणि शेपटी त्यांनी बांधली. मग दोर मुलीच्या हाती देऊन ते म्हणाले, “डावा पंख या वर्षी तुझा.”

तिने दोर कडीतून ओवला, दोन वेढे घेतले आणि निरगाठ मारली. वडिलांनी तो दोर एकदा जोराने ओढून पाहिला व समाधानाने मान हलविली.

शेजारीच दोन आसनांचे एक छोटे पिवळे विमान उभे होते. त्याचा मालक एक वृद्ध गृहस्थ होता. घरामागच्या मोटारीच्या खोलीत, नोकरीवरून परत आल्यावर रोज थोडे थोडे काम करीत, अकरा वर्षांत त्याने ते बांधले होते. त्याने मुलीला आत बसवून एकेक यंत्र दाखविले. “हे सारे तुम्ही एकट्यानेच केलेत, आजोबा?” असे तिने विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, “एकट्याने कोणतेच विमान होत नाही, मुली. पत्रा धरायला कोणीतरी समोर असावे लागते.”

दुपारी विमानांच्या कसरती सुरू होण्याच्या वेळी मुलीचा ओला टॉवेल वाळत घालावयाचा राहिला होता. दोरी सापडेना. तेव्हा तिने डाव्या पंखाचा दोर सोडला, त्याचे लोंबणारे टोक तंबूच्या खांबापर्यंत ताणले आणि त्यावर टॉवेल टाकला. तासाभराने टॉवेल वाळला. इतक्यात आकाशात चार विमाने धुराच्या रेषा काढीत एकत्र वर चढली आणि लोक टाळ्या वाजवू लागले. तिने घाईघाईने टॉवेल काढला, दोर कसाबसा पुन्हा बांधला आणि ती पाहावयास धावली.

त्या भागात जुलैअखेर सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. संधिप्रकाशात ती सारी वस्ती फार सुंदर दिसू लागली. पेट्रोलच्या टाक्या पंखांतच असल्यामुळे विमानापासून दूर जाऊन लोक छोट्या शेगड्यांवर स्वयंपाक करीत होते. कोणी विमानाचे नाक उघडून इंजिन पुसत होता, कोणी दुसऱ्याला हत्यार उसने देत होता. कोण कोठला, कोण केवढा श्रीमंत, याची विचारपूस नव्हती. “कोणत्या वाटेने आलात? वारा कसा होता?” एवढेच जो तो विचारी. शेजारचा वृद्ध गृहस्थ रात्री शहरात एका जुन्या मित्राकडे निजावयास गेला.

अकराच्या सुमारास मुलीला जाग आली. तंबूचे कापड फडफडत होते. पश्चिमेकडे विजा चमकत होत्या. मात्र गडगडाट अजून ऐकू येत नव्हता. ध्वनिक्षेपकावरून सूचना झाली की, वादळ येत आहे, ते अद्याप वीस मैल दूर आहे, तरी सर्वांनी तंबू सोडून जवळच्या पक्क्या इमारतीत जावे.

वडील उठले. त्यांनी बॅटरी घेतली आणि मुलीच्या अंगावर पावसाळी कोट घातला. “चल, विमान नीट बांधले आहे. आपण निघू,” ते म्हणाले.

मुलगी जागची हलेना. दुपारचा दोर तिला आठवला. आपण किती वेढे घेतले? गाठ कोणती मारली? कितीही आठवले तरी तिला आठवेना. सांगावे, तर बाबा रागावतील. न सांगावे, तर कोणाला कळणारही नाही. कदाचित दोर टिकेलही. क्षणभर तिच्या मनात असे आले खरे. पण लगेच तिची दृष्टी शेजारच्या पिवळ्या विमानाकडे गेली. डावा दोर सुटला, तर आपले विमान फिरून नेमके त्याच्यावर जाईल!

“बाबा,” ती म्हणाली, “डावी गाठ तुम्ही पाहिलीत ती आता नाही. मी दुपारी सोडली होती.”

वडिलांनी तिच्याकडे पाहिले. ते रागावले नाहीत. “बरे झाले सांगितलेस,” एवढेच ते म्हणाले. “ही बॅटरी धर.”

प्रकाशात पाहिले, तो काय! एकच वेढा आणि वर सुरगाठ. वाऱ्याच्या चार हिसक्यांत ती सुटली असती. वडिलांनी दोर तिच्याच हाती दिला. तिने दोन वेढे घेतले आणि निरगाठ मारली. वडिलांनी दोर ओढून पाहिला. मग ते वळले, तो बॅटरीचा झोत पिवळ्या विमानाच्या चाकाजवळ पडला. दोन दिवसांपूर्वीच्या पावसाने तेथील जमीन मऊ झाली होती आणि उजव्या पंखाची मेख बोटभर वर आली होती. ज्याने ती ठोकली होती, तो शहरात निश्चिंत निजला होता.

वडिलांनी आपल्या खणातून जादा मेखा आणि दोर काढला. आजोबांच्या हातोड्याचे घाव अंधारात घुमू लागले. दोन विमाने पलीकडचा एक तरुण तो आवाज ऐकून धावत आला आणि काही न विचारता त्याने पंख धरून ठेवला. मेखा ठोकून झाल्यावर वडील तरुणाच्या मदतीला गेले आणि गाठ मारण्याचे काम पुन्हा मुलीकडे आले. तिने सारी शक्ती लावून ती आवळली. पावसाचे पहिले टपोरे थेंब पडू लागले तेव्हा तिघेही इमारतीकडे धावत होते.

आत शेकडो माणसे जमली होती. कोणी अंथरुणासकट आले होते, कोणी अनवाणी. बाहेर वाऱ्याचा घोष चालला होता. या मेळाव्यावर निसर्गाची अवकृपा काही नवी नव्हे. २०१० साली पावसाने हिरवळीचा असा चिखल केला होता की, पुष्कळ विमानांना ओशकोशला उतरताच आले नाही. ती आसपासच्या विमानतळांवर थांबून राहिली. त्या रात्री इमारतीत बसलेला प्रत्येक जण मनात एकच हिशेब करीत असावा : आपला दोर, आपली मेख, आपली गाठ. आणि त्याबरोबर आणखी एक हिशेब : शेजाऱ्याची गाठ. कारण अशा रात्री आपले विमान आपल्या दोराइतकेच शेजाऱ्याच्या दोरावर अवलंबून असते.

पहाटे वारा पडला. उजाडताच सर्व जण वस्तीकडे परतले. कित्येक तंबू भुईसपाट झाले होते. एका तंबूची काठी मोडून पंखाच्या टोकाला अडकली होती. पण विमाने मात्र ओळीने उभी होती आणि त्यांच्या पंखांवरून पावसाचे पाणी निथळत होते. मुलीने धावत जाऊन डाव्या पंखाचा दोर पाहिला. पाण्याने फुगून गाठ दगडासारखी घट्ट झाली होती.

आठच्या सुमारास शेजारचा वृद्ध गृहस्थ लगबगीने आला. त्याने आपल्या विमानाभोवती एक फेरी घातली. उजव्या पंखापाशी तो थांबला. तेथे दोन दोर होते. एक त्याचा, सैल पडून गवतावर लोळणारा, आणि दुसरा अनोळखी, ताठ ताणलेला. तो बराच वेळ तेथे वाकून काही करीत होता. मग त्या दोराची नीट गुंडाळी करून तो या बापलेकींच्या तंबूपाशी आला.

“ही गाठ कोणी बांधली?” त्याने विचारले.

“मी,” मुलगी भीत भीत म्हणाली.

“ती सोडवायला मला पंधरा मिनिटे लागली,” तो म्हणाला. त्याचे डोळे पाणावले होते, पण तो हसत होता. “अकरा वर्षे तिने धरून ठेवली.”

वडिलांनी कॉफीचा पेला त्याच्या पुढे केला. पलीकडचा तरुणही येऊन बसला. पंखाच्या सावलीत चौघांची न्याहारी झाली. रात्रीची गोष्ट त्यानंतर फारशी कोणी काढली नाही.

आठवडा संपला. एकेक विमान झेंडीच्या इशाऱ्यावर धावपट्टीकडे जाऊ लागले आणि वस्ती विरळ होत चालली. जेथे तंबू होते, तेथे गवतावर पिवळसर चौकोन तेवढे उरले. पुढच्या पावसात तेही हिरवे होणार होते. पुढच्या जुलैपर्यंत तेथे गाव होते याची खूणही राहणार नव्हती.

घरी जाताना वाटेत एका लहान विमानतळावर रात्रीचा मुक्काम पडला. हवा स्वच्छ होती. वाऱ्याची झुळूकही नव्हती. तरीही वडिलांनी खणातून हातोडा काढला. उजवा पंख व शेपटी त्यांनी बांधली, डावा पंख मुलीने बांधला. नेहमीप्रमाणे वडिलांनी तिचा दोर ओढून पाहिला व मान हलविली.

मग मुलगी पंखाखालून वाकून पलीकडे गेली आणि वडिलांनी बांधलेला दोर तिने दोन्ही हातांनी ओढून पाहिला.